गावचं नेट बंद कोणी करायचं?

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. इंटरनेट माझ्या मालकीचं कधीच नव्हतं. पण हिंगणीपासून बोरच्या जंगलापर्यंतच्या खेड्यांना ते माझंच आहे असं वाटायचं. "वंदनाबाईनं नेट सोडलं", "वंदनाबाईनं नेट ओढून घेतलं" असं लोक बोलायचे. जसं काही मी सकाळी उठून पदरात नेट बांधून दारोदार वाटत फिरते!

माझं दुकान हिंगणीला. सुरुवात एसटीडी बूथपासून झाली. यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते आणि घरात रिकामं बसणं मला जमत नव्हतं. बूथ संपला तेव्हा केबल टीव्ही आला, केबल ओसरली तेव्हा इंटरनेट आलं. दुकान तेच, काउंटर तेच, फक्त मागच्या भिंतीवरच्या वायरी बदलत गेल्या. माझ्यासोबत पहिल्यापासून शंकर होता, आमचा लाइनमन. खांबावर चढणं त्याचं आणि खाली उभं राहून लोकांच्या शिव्या खाणं माझं, अशी आमची वाटणी होती.

धंदा समजायला सोपा आहे. गावात नळाला पाणी सोडणारा माणूस असतो ना, तसंच आमचं. धरण त्याचं नसतं, टाकी त्याची नसते, पण नळ कोरडा पडला की नाव त्याचंच निघतं. वर्ध्याहून मोठ्या कंपनीची लाइन आमच्यापर्यंत यायची. पुढे आम्ही ती खांबाखांबावरून खेड्यांत न्यायचो. केसासारखी बारीक काचेची तार असते, तिच्यातून उजेड धावतो, आणि तो उजेड म्हणजेच तुमचं नेट. ऐकायला मोठं नाजूक वाटतं. प्रत्यक्षात वानरं त्या तारेवर झोके घेतात, खारी ती कुरतडतात आणि कुटार, म्हणजे गुरांचा भुसा, भरलेला उंच ट्रॅक्टर गेला की ती तुटते. प्रत्येक गावात एक लोखंडी डबा असतो. त्यात तार येते आणि तिथून घराघरांत फाटे जातात.

माझ्या हातात काय होतं तेही सांगते, कारण त्यावरून फार गैरसमज आहेत. एका घराची लाइन मी बंद करू शकत होते. गावची लाइन बंद करू शकत होते. पण नळातून आलेल्या पाण्यातलं फक्त मीठ तेवढं काढून द्या म्हणाल, तर ते माझ्या हातात नव्हतं.

लोकांना हे पटत नसे. हिंगणीतले एक सेवानिवृत्त गृहस्थ नवीन जोडणी घ्यायला आले आणि म्हणाले, "मले फक्त चांगलं नेट पाह्यजे. कीर्तन, भजन, शेतीची माहिती. बाकीचं तुमच्याकडेच ठेवा." मी म्हटलं, "काकाजी, येते ते सगळं एकाच तारेतून येते." ते नाराज होऊन गेले. आठ दिवसांनी परत आले, कारण नातवाचा अभ्यास अडला होता. पुढे तेच काकाजी कुस्त्यांचे व्हिडिओ अर्धे अडकतात म्हणून तक्रार घेऊन यायचे.

दुसऱ्या एका सासऱ्यांना सून मोबाइलवर काय पाहते ते हवं होतं. दुकानात कोणी नाही असं बघून ते काउंटरवर वाकले.

"तुमच्याकडे सारं दिसत असन ना?"

"नाई दिसत, काकाजी."

"दिसत नाई, का सांगत नाई?"

"दिसलं असतं तरी सांगतलं नसतं."

त्यांनी माझी जोडणी सोडली. त्यांची सून मला बाजारात भेटली तेव्हा हसली. ती नर्सिंगच्या परीक्षेची तयारी करत होती, हे पुष्कळ दिवसांनी तिच्याच पेढ्यांमुळे कळलं.

अशा प्रसंगांनी मला एक खोड लागली. मीच या तारेची राखणदार, असं मला वाटायला लागलं. कोणी मुलाचं नेट तोडा म्हणाला तर मी त्याला समजावायची, कोणी शेजाऱ्याचं तोडा म्हणाला तर हाकलायची. न्यायनिवाडा करायची हौस तशी सगळ्यांनाच असते. मला तर काउंटरही मिळालं होतं.

त्याच सुमारास वर्ध्याच्या एका कॉलेजात 'इंटरनेटवर राज्य कोणाचं?' असा परिसंवाद होता. जिल्ह्यातल्या नेट पुरवणाऱ्यांनाही बोलावलं होतं. मी गेले. एक वक्ते म्हणाले, सरकारचंच राज्य पाहिजे, नाहीतर परदेशी कंपन्या आपल्याला विकून खातील. दुसरे म्हणाले, सरकारच्या हाती दिलं तर ते मनाला येईल तेव्हा तोंड दाबेल. तिसरे म्हणाले, साऱ्या जगानं मिळून एक पंचायत नेमावी. प्रत्येकाचं बोलणं ऐकताना मला पटत होतं आणि पुढचा उठला की आधीचं पटेनासं होत होतं. शेवटी प्रश्न विचारा म्हणाले तेव्हा मी उठून म्हटलं, "मोठ्या इंटरनेटचं तुम्ही ठरवा. माझ्या गावातल्या डब्याची चावी मी कोणाकडे ठेवू?" हॉल हसला. पण तिथली एक तरुण प्राध्यापिका हसली नाही. ती म्हणाली, "ताई, आम्हीही तेच विचारतोय. फक्त आमचा डबा मोठा आहे."

परत येताना एसटीत मी त्यावर फार विचार केला असं नाही. वडधऱ्यात जे झालं त्यानंतर मात्र करावा लागला.

वडधरा हे हिंगणीच्या पुढचं, जंगलाच्या कडेचं गाव. चहूकडून टेकाडं आणि मध्ये खोलगट जागेत घरं, त्यामुळे मोबाइलचा टॉवर तिथे पोचत नाही. साधा फोन करायचा तरी घरातल्या वायफायवरून करावा लागतो. म्हणजे माझी तार तुटली की वडधरा मुकं होतं. तिथला डबा ग्रामपंचायतीच्या लहान खोलीत होता. खोलीच्या दोन चाव्या होत्या, एक सरपंचाकडे आणि एक माझ्याकडे.

सरपंच सुनंदाताई. माझ्याच वयाच्या. नावाला सरपंच आणि कारभार नवऱ्याचा, असा प्रकार त्यांच्याकडे नव्हता. ग्रामसभा संपली की खुर्ची सोडून डोक्याला दुपट्टा बांधायच्या आणि स्वतःच्या शेतात कापूस वेचायला जायच्या. माझं त्यांच्याशी जुळायचं, कारण दोघींनाही कोणी 'मॅडम' म्हटलं की हसू यायचं.

कापूस वेचणीचे दिवस होते. एका संध्याकाळी गावच्या मोबाइल ग्रुपवर एक व्हिडिओ आला. वाघ गाय ओढत नेतो आहे, आणि खाली लिहिलेलं, 'वडधऱ्याचा नाला, आत्ताच.' गावातले गडी काठ्या-कुऱ्हाडी घेऊन नाल्याकडे धावले. व्हिडिओतला नाला आपला नाही, मागे बांबूचं बन दिसतं आहे आणि आपल्याकडे त्या बाजूला बांबू नाही, हे बघायला कोणाला सवड नव्हती. पळापळीत सुनंदाताईंचे दीर ज्ञानेश्वरभाऊ खडकावरून घसरले आणि त्यांचा पाय मोडला. लोकांना थांबवायला आलेल्या वनरक्षकाला धक्काबुक्की झाली. तो अरुण. पंचविशी-तिशीतला, गोंदियाकडचा मुलगा. त्याचा शर्ट फाटला, पण त्यानं तक्रार केली नाही. "घाबरलेले होते लोक," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला निरोप आला. मी गेले तेव्हा पंचायतीच्या ओट्यावर अर्धं गाव जमलेलं होतं.

"वंदनाताई," सुनंदाताई म्हणाल्या, "तो व्हिडिओ काढून टाका."

"तो माझ्या हातात नाई. ज्यानं टाकला त्यानं काढावा, नाईतर ज्या कंपनीचं ते अ‍ॅप हाय तिनं."

"मंग नुसता तो ग्रुप बंद करा."

"तेही जमत नाई. मले फक्त पुरा नळ बंद करता येते."

"मंग पुरा नळच बंद करा."

शाळेतले डोंगरे सर तिथेच होते. ते म्हणाले, "असं नाही करता येत. नेट बंद करायचा अधिकार सरकारचा आहे. वरून आदेश यावा लागतो."

"सरकार मुंबईले हाय, सर," सुनंदाताई म्हणाल्या. "दवाखान्यात माहा दीर हाय."

मग ओट्याच्या टोकाला बसलेला स्वप्निल उठला. तो मोबाइल दुरुस्तीचं काम करायचा आणि पुण्याच्या एका कंपनीचं ऑनलाइन कामही त्याला मिळालं होतं. "एका पोट्ट्यानं खोटा व्हिडिओ टाकला म्हून साऱ्या गावाचं तोंड काऊन बांधता? माहं काम बुडन. रेखावैनीच्या बचत गटाचं पापड-लोणच्याचं गिऱ्हाईक फोनवरच हाय."

"दोन-चार दिवस लोणचं नाई खाल्लं तर कोणी मरत नाई," कोणीतरी मागून ओरडलं. "वाघाच्या मागं गेलं तर मरते."

गलका वाढला. सुनंदाताई माझ्याकडे वळल्या. "बंद करता का नाई?"

मी म्हटलं, "मी बंद नाई करत. खोली तुमची हाय, गाव तुमचं हाय. पण विचार करा."

त्या उठल्या, खोली उघडली, डब्याचं बटण खाली ओढलं आणि कुलूप लावलं. त्या क्षणी घरोघरचे हिरवे दिवे लाल झाले असतील. सुनंदाताईंचा मला राग आला नाही. दवाखान्यातून आलेली बाई होती, रात्रभर जागलेली. आणि खरं सांगायचं तर तो दिवस शांत गेला. कोणी काठ्या घेऊन पळालं नाही. संध्याकाळी पारावर लोक एकमेकांशी बोलत बसले होते, असं शंकर सांगत आला. "ताई, बंद केलं ते बरंच दिसते," तोही म्हणाला.

त्यानंतर एका सकाळी मी दुकान झाडत होते. अरुणची मोटरसायकल दारात येऊन थांबली. त्यानं गाडी बंदही केली नाही.

"ताई, वडधऱ्याचं नेट चालू झालं का?"

"नाई. काऊन?"

त्यानं मोबाइल पुढे केला. जंगल खात्याच्या लपवलेल्या कॅमेऱ्यात फोटो आला होता. पहाटेचा अंधुक उजेड, सिमेंटचं पाणी प्यायचं टाकं आणि त्यावर वाकलेली वाघीण. तिच्या मागच्या पायांशी दोन पिल्लं.

"हे वडधऱ्याचं टाकं हाय," तो म्हणाला. "सुनंदाताईच्या वावराच्या धुऱ्याजवळचं, बांधाले लागून. ग्रुपवर टाकलं, आवाजात पण सांगतलं. एकच टिक येऊन राह्यली. फोन केले तर लागत नाई."

पिल्लांची आई म्हणजे काय, हे जंगलाच्या कडेला राहणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. आणि वेचणीला बाया उन्हाच्या आत निघतात. त्या एव्हाना वावरात पोचल्या असणार.

मी दुकान तसंच उघडं ठेवलं. शंकर येत होता, त्याला ओरडून सांगितलं आणि अरुणच्या मागे बसले. माझ्या वयाच्या बाईनं मोटरसायकलवर दोन्हीकडे पाय टाकून बसावं की नाही, असले विचार त्या दिवशी आले नाहीत. अरुणनं वाटेत त्याच्या साहेबांना फोन केला. पथक निघालं होतं, पण ते जंगलाच्या दुसऱ्या बाजूनं येणार होतं आणि त्यांना वेळ लागणार होता.

गावात शिरलो तर सगळं नेहमीसारखं. म्हातारी माणसं उन्हात बसलेली, अंगणवाडीत मुलांचा गलका. अरुण ओरडला, "वाघीण हाय, टाक्याजवळ! वावरात कोण-कोण गेलं?"

पारावरचे गडी जागचे हलले नाहीत. त्यातला एक म्हणाला, "पुन्हा आली का तुमची वाघीण? आता कोणाचा पाय मोडाचा हाय?"

खोट्यानं आधी लोकांना पळवलं होतं, आता खऱ्यानं कोणी उठायला तयार नव्हतं. अरुण फोटो दाखवायला लागला. एक जण बघे, दुसरा म्हणे, "हा पण कुठचा तरी असन." त्याच्या हातातल्या एका मोबाइलवर किती माणसं वाकणार?

माझ्या कनवटीला चावी होती. सुनंदाताईंनी कुलूप लावलं होतं आणि त्या शेतात होत्या. त्यांना विचारायला कोणी जाऊ शकत नव्हतं. मी खोली उघडली आणि बटण वर केलं. त्या डब्यातले दिवे लागायला जरा वेळ लागतो. एक लागतो, दुसरा लुकलुकतो, तिसरा मुळीच लागत नाही असं वाटतं. इतकी वर्षं मी लोकांना म्हणत आले, "दोन मिनिटं थांबा, येते." तेव्हा मला कळलं की ते ऐकणाऱ्याला कसं वाटत असेल.

दिवे लागले. आणि गावभर मोबाइल वाजायला लागले. एका घरातून, मग शेजारच्या, मग पारावरच्या खिशाखिशांतून. अरुणचा आवाज एकाच वेळी चहूकडून ऐकू यायला लागला, थोडा पुढेमागे, घुमल्यासारखा. मघाचाच तो माणूस फोटो मोठा करून बघत होता.

"अरे, हे तर आपलं टाकं," तो म्हणाला. "कडेले मी लावलेला निळा रंग हाय."

एवढंच लागत होतं. त्यानं उठून ट्रॅक्टर काढला. अरुणनं सगळ्यांना काठ्या खाली ठेवायला लावल्या. "कोणी तिच्या अंगावर जायचं नाई. आपण बायांले आणायले चाललो, तिले हाकलायले नाई." या वेळी लोकांनी त्याचं ऐकलं. ट्रॅक्टरवर मोजकी माणसं गेली. कुऱ्हाड कोणीच घेतली नाही. मला म्हणाले, देवळाच्या भोंग्यावर बोला. मी बोलले. काय बोलले ते नीट आठवत नाही. "बायाहो, कापूस तिथेच ठेवा, एकमेकीले धरून मोठमोठ्यानं बोलत रस्त्यावर या," असं काहीतरी, पुन्हा पुन्हा.

नंतरचा वेळ फार वाईट गेला. रेखा, बचत गटाची अध्यक्ष, माझ्या शेजारी उभी होती. तिची आई त्या बायांत होती. ती माझ्या पदराचं टोक धरून उभी राहिली. मला वाटत होतं, बटण खाली गेलं त्या सकाळी मी आडवी का आले नाही. मग वाटायचं, येऊन तरी काय झालं असतं, गावानं ठरवलं होतं.

ट्रॅक्टरचा आवाज आधी आला. मग बायांचा. त्या भांडत होत्या. जन्मात इतकं गोड भांडण मी ऐकलेलं नाही. वेचलेला कापूस तिथेच टाकून आलो, आता तो दवात भिजेल, यावरून त्यांचं चाललं होतं. सगळ्या होत्या. कोणाला ओरखडाही नव्हता. रेखानं माझा पदर सोडला आणि मटकन खाली बसली.

मग हळूहळू कळलं. सुनंदाताईंच्या कपाशीला लागून तुरीचं दाट वावर होतं. बाया ओळीनं त्याच्याच दिशेनं वेचत चालल्या होत्या. रेखाच्या आईला तुरीत काहीतरी हललं असं वाटलं. ती म्हणाली, कुत्रं असन. दुसरी म्हणाली, रोही असन, म्हणजे नीलगाय. तेवढ्यात देवळाचा भोंगा वाजला आणि सुनंदाताई म्हणाल्या, "पुन्हा अफवा. वेचा तुम्ही." पण मग त्यांना माझा आवाज ओळखू आला. "वंदनाताई उगाच भोंग्यावर नाई बोलाची," असं म्हणून त्यांनी बायांना गोळा केलं. त्या मागे सरल्या आणि तुरीतून एकदाच, खालच्या आवाजात, गुरगुर आली. पुढे ट्रॅक्टर भेटेपर्यंत त्या एकमेकींचा हात धरून, मोठमोठ्यानं भजन म्हणत चालत होत्या.

सुनंदाताई ट्रॅक्टरवरून उतरल्या. बोटं बोंडांनी खरबरीत झालेली, केसांत कापसाचे धागे. त्यांनी खोलीचं उघडं दार पाहिलं.

"नेट कोणी चालू केलं?"

"मी," मी म्हटलं.

त्या ओट्यावर बसल्या, तांब्याभर पाणी प्यायल्या आणि मग तोंडावर हात ठेवून हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसायला लागल्या. आम्ही दोघी तिथेच बसून राहिलो. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या ओट्यावर समजलं.

वन खात्याचं पथक आलं. त्यांनी त्या बाजूची वाट बंद केली आणि माणसं दूर ठेवली. वाघीण पिल्लांना घेऊन जंगलात परत गेली. तिला कोणी काही केलं नाही, तिनंही कोणाला काही केलं नाही. ही बातमी कोणत्याच पेपरात आली नाही. अशा बातम्या येत नाहीत.

पुढच्या आठवड्यात ग्रामसभा झाली. मला वाटलं होतं, लोक माझे आभार मानतील. सुनंदाताईंनी मानलेही. पण मग डोंगरे सर उठले.

"ताईंनी केलं ते चांगलंच झालं," ते म्हणाले. "पण मी एक विचारतो. सरपंचांनी गावाच्या संमतीनं बंद केलं होतं. ताईंनी कोणाला विचारून चालू केलं?"

सभेत चुळबुळ झाली. स्वप्निल म्हणाला, "सर, जीव वाचले ना?"

"या वेळी वाचले. उद्या दुसरा कोणी चावीवाला असला आणि त्याला वाटलं आज बंद ठेवावं, तर?"

मला राग आला. इतक्या वर्षांची सेवा, आणि हा प्रश्न! उत्तर द्यायला उठले आणि उभं राहिल्यावर लक्षात आलं की माझ्याकडे उत्तर नाही. सासऱ्यांना मी नाही म्हटलं होतं, कारण मला ते बरोबर वाटलं. खोली उघडली, कारण मला ते बरोबर वाटलं. सगळं मला वाटण्यावर चाललं होतं. माझ्या जागी दुसरी बाई असती तर?

"सर बरोबर बोलतात," मी म्हटलं. "ही चावी माह्याकडे एकटीकडे नको."

मग जी सभा झाली ती त्या परिसंवादाहून जास्त रंगली, कारण इथे कोणाला मानधन नव्हतं आणि दुसऱ्या दिवशी एकमेकांचं तोंड पाहायचं होतं. कोणी म्हणालं, चावी सरपंचाकडेच राहू द्या, त्यांना आपण निवडलं. कोणी म्हणालं, निवडणूक बदलली की सरपंच बदलेल, मग? सरांचं म्हणणं, सगळं तहसीलवर सोपवा. ज्ञानेश्वरभाऊ प्लास्टर घालून खुर्चीवर बसले होते. ते म्हणाले, "माहा पाय अफवेनं मोडला, तरी मी म्हणतो बंद करू नका. माही बाई वावरात होती."

शेवटी ठरलं ते असं. खोलीला दोन कुलुपं लावायची. एकाची चावी सरपंचाकडे, दुसऱ्याची रेखाच्या बचत गटाकडे. लाइन बंद करायची वेळ आली तर ग्रामसभेनं ठरवल्याशिवाय कोणी बटणाला हात लावायचा नाही. सरकारचा आदेश आला तर तो पाळावा लागेल, पण आधी देवळाच्या भोंग्यावर गावाला सांगायचं. वाघाचा व्हिडिओ टाकणाऱ्यानं कोणाचं वावर ते लिहायचं, नसेल लिहिलं तर अरुणला विचारल्याशिवाय कोणी जागचं हलायचं नाही.

"अन् बिघाड झाला अन् रेखावैनी बाहेरगावी गेली असली तर?" शंकरनं विचारलं. त्याचंच काम वाढणार होतं.

"कुलूप तोड," सुनंदाताई म्हणाल्या. "चालू करायले कोणाची परवानगी कायले लागते? बंद करायलेच लागते."

हा काही कायदा नव्हे. वर्ध्याच्या वकिलाला दाखवलं तर तो हसेल. त्यातल्या काही गोष्टी चुकीच्याही असतील. पण तो ठराव झाला तेव्हा मी कनवटीची चावी काढून रेखाच्या हातात दिली. मन हलकं झालं म्हणतात तसं वाटलं. परतताना शंकर माझ्याकडे पाहून म्हणाला, "ताई, काऊन हसून राह्यल्या?" आयुष्यभर मला वाटलं की ती चावी माझ्याकडे आहे हा मान आहे. ते ओझं होतं हे ती सोडल्यावर कळलं.

पुढे इतर गावांतही आम्ही असंच केलं. एका गावानं दोन कुलुपांऐवजी तीन लावली आणि मग आठवडाभर खोलीच उघडेना, तीही गंमत झाली. गेल्या वर्षी मी धंदा शंकरच्या हाती सोपवला. आता दुपारी झोपते, नातीचे कपडे शिवते. टीव्हीवर अजून वाद चाललेले असतात, इंटरनेटवर राज्य कोणाचं, आणि मी ते ऐकते, कारण ते अजून सुटलेले नाहीत.

परवा दुपारी फोन वाजला. सुनंदाताई होत्या. मी घाईनं विचारलं, "काय झालं? तार तुटली का? शंकरले सांगू?"

"काही नाई तुटलं," त्या म्हणाल्या. "नेट मस्त चालू हाय. म्हटलं, सांगावं तुमाले."

इतक्या वर्षांत नेट चालू आहे हे सांगायला आलेला तो पहिला फोन.